मानसशास्त्राच्या संशोधनासाठी संख्याशास्त्र: नव्याने शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसांविषयी ओढ आहे म्हणून मानसशास्त्र घेतलं आणि वर्ष संपायच्या आत समोर सूत्रं येऊन उभी राहिली, असं सांगणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात. बरीच वर्षं मी अशा विद्यार्थ्यांसोबत त्यांचा डेटा उघडून बसते आहे. प्रश्न फिरून फिरून तेच येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र देते आहे.

समजावण्यासाठी आठ जणांचा एक छोटा डेटा शेवटपर्यंत वापरला आहे. तो मी बनवलेला आहे, हाताने गणित करता यावं म्हणून आकडे सोपे ठेवलेत. प्रसंग असा: आठ जणांना वीस शब्दांची यादी दिली. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. चौघांनी यादी पुन्हा पुन्हा वाचली. उरलेल्या चौघांनी एकदा वाचून कागद झाकला आणि शब्द आठवून पाहिले. दुसऱ्या दिवशी कुणाला किती शब्द आठवले ते मोजलं. आठवून पाहणारे: १४, ११, १५, १२. नुसतं वाचणारे: ९, १२, १०, ९. हे आकडे वहीत लिहून घ्या, पुढे लागतील.

गणित मला कधीच जमलं नाही. हे जमेल का?

जमेल. बेरीज, वजाबाकी, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं, आणि तेही पुढे सॉफ्टवेअर करून देतं. खरी अडचण शब्दांची असते. ‘सार्थक’, ‘सामान्य’, ‘त्रुटी’ हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द इथे वेगळ्याच अर्थाने येतात. प्रमाण त्रुटी म्हणजे कुणी केलेली चूक नव्हे. सार्थक फरक म्हणजे महत्त्वाचा फरक असंही नव्हे. म्हणून वहीचं शेवटचं पान राखून ठेवा आणि प्रत्येक नवा शब्द तिथे स्वतःच्या वाक्यात लिहा. पुस्तकातली व्याख्या उतरवून काढलीत तर उपयोग होत नाही, हे मी अनेकांच्या वह्या पाहून सांगते.

मानसशास्त्राला एवढं संख्याशास्त्र कशाला लागतं?

टेबलाची लांबी आज मोजली आणि उद्या मोजली तर तीच येते. माणसाला तीच शब्दांची यादी आज दिली आणि उद्या दिली तर आकडा बदलतो. झोप, भूक, कंटाळा, मनात घोळत असलेली चिंता, सगळं त्यात येतं. शिवाय माणसं एकमेकांपेक्षा वेगळी. त्यामुळे कुठलेही दोन गट घेतले तरी त्यांच्या सरासरीत काही ना काही फरक निघणारच. तो आपण केलेल्या गोष्टीमुळे निघाला की माणसामाणसांतल्या चढउतारातून, हा एकच प्रश्न संख्याशास्त्र पुन्हा पुन्हा विचारतं.

काही परिणाम इतके ठळक असतात की गणिताची गरजच भासत नाही. लाल शाईत छापलेला ‘निळा’ हा शब्द दाखवून शाईचा रंग विचारला की माणूस अडखळतो. स्ट्रूप यांनी १९३५ साली मांडलेला हा प्रयोग वर्गातल्या दहा जणांवर केला तरी दिसतो. पण आपण ज्यांवर प्रबंध लिहितो ते बहुतेक परिणाम एवढे मोठे नसतात.

आणि हे शास्त्र बाहेरून आपल्यावर लादलेलंही नाही. गुणानुक्रमाचा सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टींचे क्रम एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, १९०४ साली मांडणारे चार्ल्स स्पिअरमन मानसशास्त्रज्ञच होते. बुद्धिमत्ता मोजण्याच्या धडपडीतून त्यांनी घटक विश्लेषणाचा पायाही घातला.

सुरुवात कुठून करायची?

आकड्यांकडे बघण्यापासून. चाचणी नंतर. आपले आठ आकडे एका आडव्या रेषेवर टिंबांनी मांडा, एक गट वर, एक गट खाली. आठवून पाहणाऱ्यांची सरासरी १३, वाचणाऱ्यांची १०. पण टिंबं पाहिली की आणखी एक गोष्ट दिसते: वाचणाऱ्यांतला एक जण १२ वर आहे आणि आठवून पाहणाऱ्यांतला एक जण ११ वर. म्हणजे गट एकमेकांत मिसळलेले आहेत. नुसत्या सरासरीत हे कळलं नसतं.

आता समजा टाइप करताना १२ च्या जागी ७२ पडलं. वाचणाऱ्यांची सरासरी १० वरून थेट २५ होते, आणि यादीत शब्द तर वीसच! मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत (इथे ९ आणि १० यांच्या मधली), मात्र जागचा हलत नाही, तो आधीही ९.५ होता आणि नंतरही ९.५. सरासरी आणि मध्यक दोन्ही काढायची सवय इथूनच लावा. दोघांत मोठं अंतर दिसलं की आधी डेटा तपासायचा.

फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ साली आकड्यांचे चार संच छापले. चारही संचांत सरासरी सारखी आणि सहसंबंध जवळजवळ सारखा, ०.८२ च्या आसपास. आलेख काढला की एकात ठिपके रेषेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात ठळक वळण, तिसऱ्यात सरळ रेष आणि एकच भरकटलेला ठिपका, चौथ्यात जवळपास सगळे ठिपके एकाच उभ्या रांगेत. हे चार आलेख स्वतःच्या हाताने काढून बघा. अर्धा तास जाईल, पण आलेख न काढता चाचणी लावायला पुन्हा हात धजणार नाही.

एसडी म्हणजे नेमकं काय? आणि भागताना एक कमी का करायचा?

एसडी, म्हणजे प्रमाण विचलन, आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत ते सांगतं. आठवून पाहणाऱ्यांचं काढू. सरासरी १३. प्रत्येकाचं अंतर: अधिक १, उणे २, अधिक २, उणे १. बेरीज केली तर शून्य, म्हणून आधी वर्ग करायचे: १, ४, ४, १. बेरीज १०. हिला ३ ने भागलं की ३.३३, आणि वर्गमूळ १.८३. हेच एसडी.

चार माणसं असताना ३ ने का भागलं? पहिली तीन अंतरं सांगितली की चौथं आपोआप ठरतं, कारण चारींची बेरीज शून्यच व्हायला हवी. अधिक १, उणे २, अधिक २ झाल्यावर शेवटच्याला उणे १ होण्यावाचून पर्याय नाही. मोकळेपणाने बदलू शकणारे आकडे तीनच. पुढे ‘स्वातंत्र्य मात्रा’ किंवा डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणून जे येतं ते हेच. शिवाय आपण अंतर मोजतोय ते याच चौघांच्या सरासरीपासून. ती त्यांच्या अगदी मध्ये बसलेली असल्याने अंतरं खऱ्यापेक्षा थोडी कमी भरतात. एकने कमी भागून ती कसर भरून निघते.

एसडी हातात आलं की इतर आकडे वाचता येतात. वेश्लरच्या बुद्धिमापन चाचणीत सरासरी १०० आणि एसडी १५ ठेवलेलं असतं. म्हणून ८५ ते ११५ मध्ये साधारण ६८ टक्के माणसं येतात आणि ७० ते १३० मध्ये सुमारे ९५ टक्के.

स्टँडर्ड एरर हे एसडीचंच दुसरं नाव का?

नाही, आणि ही गल्लत फार जणांची होते. एसडी माणसांचा पसारा सांगतं. स्टँडर्ड एरर, म्हणजे प्रमाण त्रुटी, सरासरीचा डळमळीतपणा सांगते: हाच अभ्यास नव्या चौघांवर पुन्हा केला तर सरासरी किती हलेल? एसडीला माणसांच्या संख्येच्या वर्गमूळाने भागलं की ती मिळते. इथे १.८३ भागिले २, म्हणजे ०.९१. वर्गमूळ असल्यामुळे ती निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. आलेखावर उभ्या दांड्या काढल्यात तर त्या एसडीच्या आहेत की स्टँडर्ड एररच्या, हे खाली लिहायला विसरू नका.

पी-व्हॅल्यू कितीही वेळा वाचली तरी कळत नाही. सोप्या भाषेत सांगाल का?

सांगते, पण त्यासाठी कात्री आणि कागद घ्या. आठ चिठ्ठ्या करा आणि त्यांवर आठ आकडे लिहा: १५, १४, १२, १२, ११, १०, ९, ९. आता काही काळ असं धरून चाला की शिकण्याच्या पद्धतीने काहीच फरक पडत नाही. म्हणजे ज्याला १५ शब्द आठवले त्याला दुसऱ्या गटात बसवलं असतं तरी १५च आठवले असते. यालाच शून्य परिकल्पना म्हणतात. ती खरी असेल तर कोण कुठल्या गटात गेलं हा निव्वळ चिठ्ठ्यांचा खेळ.

चिठ्ठ्या पिसा, चार उचला, त्यांची सरासरी काढा, उरलेल्या चारांची काढा, वजाबाकी करा. लिहून ठेवा. पुन्हा पिसा. वीस-पंचवीस वेळा केलंत की हाताला जाणवतं: फरक कधी अर्धा, कधी एक, कधी उणे दीड. ३ एवढा मोठा फरक क्वचित येतो. किती क्वचित? आठांतून चार निवडायचे एकूण मार्ग ७०. फरक ३ किंवा जास्त यायचा तर उचललेल्या चार चिठ्ठ्यांची बेरीज किमान ५२ हवी. तसे मार्ग तीनच आहेत: १५, १४, १२, १२ हा एक, आणि १५, १४, ११ यांच्यासोबत दोनपैकी कुठलाही १२. तीन भागिले सत्तर, म्हणजे ०.०४३. ही पी-व्हॅल्यू. पद्धतीचा काहीच परिणाम नसता तर निव्वळ चिठ्ठ्यांच्या खेळात एवढा किंवा याहून मोठा फरक किती वेळा आला असता, एवढंच ती सांगते.

७० ही संख्या या शास्त्राच्या इतिहासात आणखी एका जागी येते. कपात दूध आधी ओतलं की चहा, हे आपण चवीवरून ओळखतो असं एका बाईंचं म्हणणं होतं. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात त्याची परीक्षा मांडली ती आठ कपांची: चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. नुसत्या अंदाजाने सगळे कप बरोबर ओळखण्याची शक्यता ७० मध्ये १. हिशोब आपल्या चिठ्ठ्यांचाच आहे.

आता पी-व्हॅल्यू काय सांगत नाही ते. ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ४.३ टक्के’ असा तिचा अर्थ होत नाही. आपण सुरुवातच ती खरी धरून केली, मग ती खरी असण्याची शक्यता त्याच गणितातून कशी निघेल? ‘हा निष्कर्ष पुन्हा येण्याची शक्यता ९५.७ टक्के’ असाही होत नाही. या चुका फक्त विद्यार्थ्यांच्या आहेत असं समजू नका. हालर आणि क्राउस यांनी २००२ साली जर्मनीतल्या विद्यापीठांत पी-व्हॅल्यूच्या अर्थाविषयी सहा विधानं दाखवली, सहाही चुकीची. संशोधन पद्धती शिकवणाऱ्यांपैकी ८० टक्के जणांनी त्यांतलं निदान एक तरी बरोबर मानलं होतं.

वन-टेल्ड घ्यायची की टू-टेल्ड?

वर आपण फक्त ‘आठवून पाहणारे सरस’ एवढीच बाजू मोजली, ती वन-टेल्ड. उलटं, म्हणजे वाचणारे तीनने सरस निघण्याचेही तीनच मार्ग आहेत. दोन्ही बाजू धरल्या, म्हणजे टू-टेल्ड, तर ७० पैकी ६, म्हणजे ०.०८६. पी ०.०५ च्या आत आला की फरकाला ‘सार्थक’ म्हणायची प्रथा आहे. डेटा तोच, माणसं तीच, पण एका हिशोबाने ०.०५ च्या आत आणि दुसऱ्याने बाहेर. आकडे पाहून झाल्यावर सोयीची बाजू निवडली तर ती फसवणूकच होते, भले ती नकळत झालेली असो. निर्णय डेटा हाती येण्याआधी घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. माझा सल्ला विचाराल तर दोन्ही बाजूंची घ्या.

आणखी एक गंमतीची नव्हे, विचारात पाडणारी गोष्ट. याच आठ आकड्यांवर टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासरींतला फरक तपासण्याची नेहमीची चाचणी, चालवली तर टी येतो २.६०, स्वातंत्र्य मात्रा ६ आणि दोन्ही बाजूंचा पी ०.०४१. चिठ्ठ्या ०.०८६ म्हणतात, टी-टेस्ट ०.०४१. कारण टी-टेस्ट धरून चालते की आकडे घंटेच्या आकाराच्या वितरणातून आलेत. माणसं भरपूर असली की दोन्ही उत्तरं सहसा जवळ येतात. इथे आठच असल्याने त्या गृहीताचा भार फार पडतो. यातला कुठला आकडा खरा, असं विचारण्यापेक्षा आठ माणसांवर विसंबून काही ठाम बोलता येत नाही, हे मान्य करावं.

टी-टेस्ट शोधली कुणी?

विल्यम गॉसेट यांनी. ते डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात कामाला होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न आपलाच होता: नमुने मोजकेच मिळतात, मग निष्कर्ष काढायचा कसा? १९०८ साली त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख छापला. स्टुडंटची टी-टेस्ट म्हणतात ती त्यामुळे.

०.०५ ही रेष कुणी आखली?

फिशर यांनी १९२५ साली विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली. घंटेच्या वक्रात सरासरीपासून १.९६ एसडी, म्हणजे जवळपास दोन एसडी गेलं की दोन्ही टोकांना मिळून ५ टक्के उरतात, त्यामुळे आकडा लक्षात ठेवायला बरा. निसर्गात अशी रेष नाही. पुढे नेमन आणि इगॉन पिअरसन यांनी १९३३ मध्ये वेगळी चौकट मांडली. तिच्यात चुकीचा इशारा आणि हुकलेला परिणाम अशा दोन चुका तोलायच्या असतात. पाठ्यपुस्तकांत या दोन चौकटी एकत्र कालवलेल्या असतात आणि शिकणारा गोंधळतो तो बहुतेक तिथेच. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये खास निवेदन काढून सांगितलं की केवळ पी अमुक रेषेच्या आत आला एवढ्यावरून वैज्ञानिक निष्कर्ष काढू नयेत.

माझा पी ०.०६ आला आहे. आणखी दहा जण घेऊन पाहू का?

नको. हा प्रश्न विचारणाऱ्याची तगमग मला कळते, वर्षभराची मेहनत असते. पण पी पाहायचा, माणसं वाढवायची, पुन्हा पाहायचा, असं केलं की कधी ना कधी तो ०.०५ खाली उतरण्याची शक्यता खूप वाढते, परिणाम असो वा नसो. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन यांनी २०११ साली हे करून दाखवलं. एक गाणं ऐकल्याने ऐकणाऱ्यांचं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी झालं, असा ‘सार्थक’ निष्कर्ष त्यांनी खऱ्या सहभागींवर काढला. केलं एवढंच: मधे मधे डोकावून पाहिलं, अनेक गोष्टी मोजून सोयीच्या तेवढ्या सांगितल्या. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर चुकीच्या इशाऱ्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या पुढे जाते, हेही त्यांनी संगणकावर दाखवलं.

०.०६ आला तर ०.०६ लिहा, सोबत परिणामाचा आकार आणि मर्यादा द्या. ‘सार्थकतेकडे झुकणारा’ असली वाक्यं काढून टाका.

मग पी ऐवजी काय पाहायचं?

पी राहू द्या, पण त्याच्या आधी फरक स्वतः पाहा. आपल्या उदाहरणात फरक तीन शब्दांचा. हे कुणालाही कळतं. त्याला दोन्ही गटांच्या एकत्रित एसडीने, म्हणजे १.६३ ने भागलं की कोहेनचा डी मिळतो: १.८४. जेकब कोहेन यांनी ०.२ लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा असे अंदाजे टप्पे दिले, आणि ते आंधळेपणाने वापरू नका असंही बजावलं. १.८४ म्हणजे प्रचंड. इतका मोठा डी मूठभर माणसांत दिसला की मला आनंदापेक्षा शंका येते. छोट्या नमुन्यात रेष ओलांडायला फरक फुगलेलाच असावा लागतो.

आता विश्वास मर्यादा, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल. तीन शब्दांच्या फरकाची ९५ टक्के मर्यादा येते ०.१७ ते ५.८३. ही पद्धत वापरून शंभर वेगळ्या अभ्यासांत मर्यादा काढल्या तर साधारण पंच्याण्णवांत खरा फरक सापडेल. आपल्या हातातली मर्यादा त्यांतलीच एक. तिचं रुंदपण बघा: खरा फरक एका शब्दाच्या पाव भागाहूनही कमी असू शकतो किंवा जवळजवळ सहा शब्दांचा. ‘सार्थक’ म्हटल्यावर जे झाकलं जातं ते इथे उघडं पडतं. एकच गोष्ट अहवालात द्यायची मुभा असती तर मी ही मर्यादा दिली असती.

किती माणसं घ्यायची?

‘तीस पुरेत’ हे सगळीकडे ऐकू येतं. त्याला प्रत्येक अभ्यासासाठी आधार नाही. किती लागतील हे तुम्ही किती मोठा परिणाम शोधताय यावर ठरतं. दोन वेगळे गट, दोन्ही बाजूंची टी-टेस्ट, ०.०५ ची रेष आणि परिणाम असेल तर तो सापडण्याची ८० टक्के खात्री हवी असेल, तर डी ०.८ साठी प्रत्येक गटात २६, ०.५ साठी ६४ आणि ०.२ साठी सुमारे ३९० माणसं. जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा हिशोब दोन मिनिटांत होतो.

कोहेन यांनी १९६२ मध्येच मानसशास्त्राच्या एका नियतकालिकातले अभ्यास तपासून दाखवलं होतं की मध्यम आकाराचा परिणाम असला तरी तो सापडण्याची शक्यता सरासरी निम्म्याहून कमी होती. एवढी माणसं मिळणं शक्य नसेल तर त्याच माणसांकडून दोन्ही कामं करून घेण्याची रचना पाहा. प्रत्येकाची तुलना स्वतःशीच झाली की माणसामाणसांतला फरक बाजूला पडतो आणि सहसा बरीच कमी माणसं पुरतात. क्रम मात्र अदलाबदल करून द्यायचा.

कोणती चाचणी लावायची हे कसं ठरवू?

चाचण्यांची नावं पाठ करण्यापेक्षा एका वाक्यात प्रश्न लिहा: कशामुळे काय बदलतं? जे बदलतं ते मोजलेला आकडा आहे की प्रकार? आकडा असेल आणि तुलना दोन वेगळ्या गटांची असेल तर टी-टेस्ट, तीच माणसं दोनदा मोजली असतील तर जोडीची टी-टेस्ट, गट तीन किंवा जास्त असतील तर अनोव्हा, म्हणजे अनेक सरासरींची एकत्र तुलना. दोन्हीकडे प्रकार असतील, जसं हो-नाही आणि गट, तर कार्ल पिअरसन यांची १९०० सालची काय-स्क्वेअर. दोन्हीकडे आकडे असतील तर सहसंबंध किंवा रिग्रेशन, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज. पुढे शिकाल तेव्हा कळेल की टी-टेस्ट, अनोव्हा आणि रिग्रेशन ही आतून एकच गोष्ट आहे. ते कळतं त्या दिवशी फार हलकं वाटतं.

हा प्रश्न डेटा गोळा झाल्यावर माझ्याकडे आला की मला वाईट वाटतं. कारण तेव्हा रचना बदलता येत नाही.

‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा उत्तरांची सरासरी काढलेली चालते का?

स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या चार पातळ्या सांगितल्या, त्या हिशोबाने एकेका उत्तरात फक्त क्रम असतो. ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांतलं अंतर इतर अंतरांएवढंच आहे याची हमी नाही. पण १९३२ मध्ये लिकर्ट यांनी ही पद्धत मांडली तीच अनेक विधानांची बेरीज करण्यासाठी. दहा-बारा विधानांची बेरीज असेल तर सरासरी आणि टी-टेस्ट बहुतेक संशोधक वापरतात, मीही वापरते. एकट्या प्रश्नावर मात्र आधी कुणी काय उत्तर दिलं याची मोजदाद दाखवा.

आणि उलट अर्थाची विधानं उलटी गुणांकित केलीत ना, ते दोनदा तपासा. एका विद्यार्थिनीच्या प्रश्नावलीचा क्रॉनबाख अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, उणे आला होता. ती रडकुंडीला आली. तीन विधानं उलटी करायची राहिली होती, एवढंच.

अल्फा ०.७० च्या वर आला म्हणजे प्रश्नावली चांगली?

तेवढ्याने नाही. क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. एकच प्रश्न शब्द बदलून दहा वेळा विचारला तरी तो छान येतो. आपल्याला जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, हा वैधतेचा प्रश्न वेगळा.

सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे हे माहीत आहे. तरी चूक कुठे होते?

सर्वांत जास्त एका जागी, आणि ती सहज ओळखू येत नाही. समजा चिंतेची प्रश्नावली दोनशे जणांना दिली, ज्यांचे गुण सर्वांत जास्त त्या वीस जणांना श्वसनाचे व्यायाम दिले आणि महिन्याने पुन्हा मोजलं. सरासरी खाली येते. पण व्यायाम दिले नसते तरी ती खाली आलीच असती. त्या दिवशी ज्यांचे गुण टोकाला होते त्यांत काही जण नेहमी चिंतेत असणारे, तर काहींचा तो दिवसच वाईट होता. दुसऱ्यांदा मोजताना तो वाईट दिवस सगळ्यांच्या वाट्याला पुन्हा येत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं: फार उंच आई-वडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीकडे थोडी सरकलेली. ‘रिग्रेशन’ हा शब्द तिथून आला.

यावर उपाय तुलनेच्या गटाचा. चाळीस जण निवडा, चिठ्ठ्या टाका, निम्म्यांना व्यायाम द्या. दोन्ही गट खाली येतील. पाहायचं ते हे, की एक दुसऱ्यापेक्षा किती जास्त खाली आला.

भरकटलेला आकडा काढून टाकू का?

टायपिंगची चूक असेल तर दुरुस्त करा. अशक्य असेल तर काढा आणि काढल्याचं लिहा. शक्य पण विचित्र असेल तर ठेवा, आणि त्याच्यासह व त्याच्याशिवाय अशी दोन्ही उत्तरं द्या. न मिळालेल्या उत्तराच्या जागी ९९ भरलं असेल तर सॉफ्टवेअरला ते सांगितलंय का, हे सर्वांत आधी बघा.

कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

तुमच्या विभागात एसपीएसएस असेल तर ते वापरा, पण ते विकत घ्यावं लागतं. जमोव्ही आणि जास्प मोफत आहेत, बटणांवर चालतात आणि नवशिक्यासाठी पुरेसे आहेत. मी जमोव्हीने सुरुवात करायला सांगते. पुढे संशोधनात राहायचं असेल तर आर शिका. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवलेली ही भाषा मोफत आहे, आणि केलेलं प्रत्येक पाऊल लेखी राहतं. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी ‘हा आकडा कुठून आला?’ विचारलं की त्याची किंमत कळते.

सॉफ्टवेअर कुठलंही असो, चॅटबॉटकडून कोड लिहून घेतलात तरी, आधी हे आठ आकडे त्यात घाला. टी २.६० आला तर पुढे जा. आर आपणहून वेल्चची पद्धत वापरतं, त्यामुळे तिथे टी तोच येऊन स्वातंत्र्य मात्रा ६ ऐवजी सुमारे ५.६ दिसेल आणि पी किंचित वाढलेला असेल. घाबरू नका, दोन्ही गटांचा पसारा सारखाच आहे असं ती पद्धत धरत नाही, एवढाच फरक. खऱ्या डेटावर मीही तीच वापरते.

छापून आलेले निष्कर्ष तरी खरे मानायचे का?

२०१५ मध्ये शेकडो संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थक होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. हे वाचून काही विद्यार्थी खचतात. मला उलट वाटतं. आपल्याच विषयाने आपली झडती घेतली आणि आकडे जाहीर केले. त्यानंतर परिकल्पना आणि विश्लेषणाची पद्धत डेटाआधी नोंदवून ठेवण्याची, म्हणजे पूर्वनोंदणीची, चाल बरीच पसरली. छोट्या प्रबंधालाही ती करता येते. एक पान पुरतं: काय शोधतोय, किती माणसं, कुठली चाचणी, कुणाला वगळणार.

निष्कर्षाचं वाक्य लिहायचं कसं?

आपल्याच उदाहरणाचं लिहू. ‘शब्द आठवून पाहणाऱ्या गटाला (सरासरी १३.००, एसडी १.८३) पुन्हा वाचणाऱ्या गटापेक्षा (सरासरी १०.००, एसडी १.४१) सरासरी तीन शब्द जास्त आठवले, फरकाची ९५ टक्के विश्वास मर्यादा ०.१७ ते ५.८३, टी (६) = २.६०, पी = ०.०४१, डी = १.८४. प्रत्येक गटात चारच सहभागी असल्याने हा अंदाज अतिशय ढोबळ आहे.’ आधी माणसांच्या भाषेतला फरक, मग मर्यादा, मग चाचणी, शेवटी नमुन्याची कबुली.

इंग्रजीत एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, शैलीने लिहाल तेव्हा पी, आर (इथे सहसंबंधाचा आकडा, भाषा नव्हे) आणि अल्फा यांच्या दशांशचिन्हाआधीचं शून्य गाळतात, कारण हे आकडे एकच्या पुढे जाऊ शकत नाहीत. डी जाऊ शकतो, म्हणून त्याचं शून्य ठेवायचं. आणि सॉफ्टवेअरने पी म्हणून .००० छापलं तर ते तसंच उतरवू नका. पी कधीच शून्य नसतो, तिथे ‘.००१ पेक्षा कमी’ असं लिहा.